फुली मारा

माझी आणि फुलीची ओळख पहिलीतली. पाटीवर मांडलेल्या दहा बेरजांपैकी सातांवर गुरुजींनी खडूनं फुल्या मारल्या, ती आमची पहिली भेट. पुढं मीच गुरुजी झालो आणि फुल्या खायचं सोडून फुल्या वाटायच्या उद्योगाला लागलो. छत्तीस वर्षांत तांबड्या शाईनं किती फुल्या मारल्या याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही हे बरंच आहे. मध्ये दोन वर्षं, म्हणजे शाळेची ऑर्डर हातात पडण्यापूर्वी, एका छापखान्यात मुद्रितं तपासली. तिथंही फुल्याच. एकूण माझ्या आयुष्याचं सार एकाच चिन्हात सांगा म्हटलं, तर ते चिन्ह फुली.

असा हा फुलीतला जाणकार माणूस पंचाहत्तरीत त्याच फुलीपुढं सपशेल आडवा झाला, त्याची ही हकीकत.

मी राहतो पोशेऱ्याला. पोशेरा मोखाडा तालुक्यात. पूर्वी आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. म्हणजे रात्री ठाणे जिल्ह्यात झोपलो आणि सकाळी पालघर जिल्ह्यात उठलो, गोधडी तीच. जव्हार-मोखाड्याचा हा डोंगराळ मुलूख पावसाळ्यात असा कोसळत्या पाण्याचा की छत्री उघडणं हा निव्वळ उपचार, आणि एप्रिल-मे महिन्यात असा कोरडा की टँकर दिसला की लहान पोरंसुद्धा खेळ टाकून हंडे आणायला पळतात. निवृत्त झाल्यावर लोक पुण्याला किंवा डोंबिवलीला जातात. मी इथंच राहिलो. डोंबिवलीत मला 'गुरुजी' कोण म्हणणार?

शेजारी एक आजी राहतात. आजी ही गावानं दिलेली पदवी; वयानं आम्ही बरोबरीचे. मी संध्याकाळी प्रौढांचा साक्षरता वर्ग घेत असे, तेव्हा त्या माझ्या विद्यार्थिनी होत्या. नाव लिहायला शिकल्या, एस.टी.ची पाटी वाचायला शिकल्या आणि अर्ज भरायला शिकल्या. अर्जात चौकोन असतात आणि वर सूचना असते, 'लागू असेल तिथे फुली मारा.' ती मी त्यांच्याकडून इतकी घोकून घेतली होती की रामरक्षेसारखी तोंडपाठ. फुली मारली की काम झालं.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका अर्जाचा प्रसंग आला. अर्ज आता कागदावर राहिला नव्हता, फोनवर आला होता. नातवाचा फोन घेऊन आजी आमच्या ओट्यावर आल्या, कारण रेंज फक्त आमच्या ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात येते. एका बोटानं त्यांनी नाव लिहिलं, गाव लिहिलं, तालुका लिहिला. मी जवळ बसून 'वा, वा' म्हणत होतो. पाऊण तास गेला. सगळे रकाने भरले. खाली 'सादर करा' असा शब्द होता, तो पडद्याच्या खाली दडलेला. वर कोपऱ्यात मात्र एक ठसठशीत फुली दिसत होती.

"गुरुजी, फुली मारू का आता?"

"मारा की," मी म्हणालो. माझं अर्धं लक्ष वर्तमानपत्रात होतं, हे आता कबूल केलेलं बरं.

त्यांनी बोट टेकवलं. अर्ज गेला. नाव गेलं, गाव गेलं, पाऊण तास गेला. पडद्यावर नातवानं लावलेला कुठल्याशा नटाचा फोटो तेवढा हसत राहिला.

आजी बराच वेळ फोनकडं बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "गुरुजी, यानं माझं सगळं चूक दिलं का हो?"

या एका वाक्यानं माझी छत्तीस वर्षं माझ्यासमोर येऊन बसली. वहीवर मी मारलेल्या फुलीचा अर्थ 'चूक'. अर्जावरच्या फुलीचा अर्थ 'हो, हे मला लागू'. पूर्वी मतपत्रिकेवर रबरी शिक्क्यानं उठवायची ती फुलीसारखी खूण म्हणजे 'माझं मत याला'. पाढ्यांतल्या फुलीचा अर्थ 'गुणिले'. आणि फोनवरच्या फुलीचा अर्थ 'चालते व्हा'. एकच खूण आणि पाच अर्थ. त्यांतले चार मी स्वतः शिकवलेले. पाचवा शिकवायचा राहिला, तर म्हातारीला वाटलं की यंत्रानं आपल्या सबंध अर्जावर लाल शेरा मारला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मोखाड्याला जाऊन पैसे देऊन तो अर्ज भरून आलो. मुदत टळली नाही एवढंच. पण येताना एस.टी.त आजी गप्प होत्या आणि मी त्यांच्याहून गप्प.

दिवाळीत भाचा आला. भाचा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. गावातल्या बायकांचा बचत गट नागलीचे पापड आणि वारली चित्रं करतो, त्यांच्यासाठी वेबसाइट बनवायची त्यानं मनावर घेतलं होतं. बहिणीचा मुलगा असल्यामुळं कौतुक करणं भागच होतं. मी चष्मा लावून पडद्यासमोर बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. ओळ होती, 'पोशेर्याच्या दर्याखोर्यांतून थेट तुमच्या घरी.'

"अरे, हा दर्या कुठून आणलास?" मी विचारलं. "इथं मे महिन्यात प्यायला पाणी नसतं आणि तू दर्या आणून सोडलास?"

"मामा, दर्या नाही हो, दऱ्या. पण तो अर्धा र येत नाही. चालतं. लोकांना कळतं."

'चालतं' आणि 'कळतं' हे दोन शब्द मुद्रितशोधकाच्या कानात शिरले की त्याचं पित्त खवळतं. आपल्या मराठीत आचारी वेगळा आणि आचार्य वेगळे. आचाऱ्याला दक्षिणा दिली आणि आचार्यांना पुऱ्या तळायला बसवलं तर काय होईल? दोघांमधला फरक एवढाच की एकाचा र डोक्यावर चढून रफार होतो आणि दुसऱ्याचा र बाजूला पापणीच्या केसासारखा वळतो. छापखान्यात त्याचा वेगळा खिळा असे. कॉम्प्युटरमध्येही त्याची सोय पहिल्यापासून आहे, पण गंमत अशी की ती केली ती मुळात आपल्यासाठी नव्हे. जगातल्या सगळ्या लिप्यांना क्रमांक वाटणारी युनिकोड नावाची व्यवस्था १९९१ साली आली. तिच्यात दक्षिणेकडच्या भाषांतला एक वेगळा र देवनागरीत लिहिता यावा म्हणून 'ऱ' हे नुक्ता दिलेलं अक्षर आहे. त्याचा पाय मोडला की आपला पापणीतला र मिळतो. म्हणजे 'पोशेऱ्याला' हा शब्द शुद्ध लिहायचा तर मोखाड्याच्या माणसानं वाट वाकडी करून मद्रासच्या शेजाऱ्याकडून र उसना आणायचा. पण आणायचा! 'ॲ' तर त्यानंतरही सतरा वर्षं ताटकळत होता. त्याला स्वतःचा क्रमांक २००८ साली मिळाला. तोवर 'ॲसिडिटी' लिहायची तर 'अ'च्या डोक्यावर चंद्र स्वतः चिकटवायचा.

भाच्यानं निमूटपणे र बदलला. मग मी बटणांकडं वळलो आणि खरी लढाई सुरू झाली. कारण चित्र मोठं करून पाहिल्यावर ते बंद करायला कोपऱ्यात त्यानं जे ठेवलं होतं ते होतं इंग्रजीतलं एक्स हे अक्षर. धाकटा एक्स.

"ही फुली नाही," मी म्हणालो.

"फुलीच आहे की मामा."

"हे अक्षर आहे. फुलीचे दोन्ही हात सारखे असतात. याचा एक हात जाडा आणि एक बारीक. शिवाय हे ओळीवर बसतं, चौकोनाच्या मधोमध येत नाही. बघ, खाली घसरलंय. नाटकात राजाचं काम करणारा न आल्यामुळं पडदा ओढणाऱ्याला मुकुट घातल्यासारखं दिसतं."

भाचा हसला. हसण्यासारखंच होतं. पण या वादात मी एकटा नाही, माझ्या बाजूनं फार मोठी माणसं आहेत. गुणाकारासाठी तिरप्या फुलीचं चिन्ह रूढ केलं ते विल्यम ऑट्रेड या इंग्रज पाद्र्यानं, १६३१ सालच्या आपल्या गणिताच्या पुस्तकात. त्यानंतर सहाच वर्षांनी, १६३७ साली, फ्रान्समधल्या देकार्तनं अज्ञात संख्येला एक्स म्हणायची प्रथा पाडली. झालं! एकाच गल्लीत एकाच चेहऱ्याची दोन माणसं राहायला आली. जर्मनीतला थोर गणिती लायब्निझ इतका वैतागला की १६९८ साली त्यानं बर्नुलीला पत्र लिहून कळवलं की हे गुणाकाराचं चिन्ह आपल्याला पसंत नाही, ते एक्समध्ये मिसळतं. आपण नुसता ठिपका देतो. म्हणजे ज्या गोंधळावर आम्ही मामा-भाचे पोशेऱ्याच्या ओट्यावर भांडत होतो, त्यावर सव्वातीनशे वर्षांपूर्वी युरोपात पत्रव्यवहार झालेला आहे. फक्त त्यांच्याकडं चहाबरोबर चकल्या नव्हत्या.

मग हा तोतया एक्स फुलीच्या गादीवर बसला कसा? त्याचं उत्तर टाइपरायटरमध्ये आहे. खिळ्यांच्या छापखान्यात मुबलकता होती. देवनागरीच्या केसमध्ये तर इतके खिळे असत की नवा कंपोझिटर ती बघूनच गावी परत जाई. तिथं प्रत्येक चिन्हाला स्वतःचं घर होतं. छोटी आडवी रेघ शब्द जोडायला, लांब आडवी रेघ वाक्य तोडायला, वजाची रेघ वेगळी आणि गुणिल्याची फुली वेगळी. टाइपरायटर आला आणि चाळीत बिऱ्हाडं कोंबावीत तशी चिन्हं कोंबली गेली. कळा मोजक्या. पुष्कळ जुन्या इंग्रजी यंत्रांवर एकाचा आकडासुद्धा नसे. त्याच्या जागी धाकटा एल दाबायचा. उद्गारचिन्ह हवं असेल तर वर स्वल्पविरामासारखी रेघ मारायची, एक घर मागं यायचं आणि खाली टिंब द्यायचं. आश्चर्य व्यक्त करायला इतकी मेहनत पडत असल्यामुळं त्या काळचे कारकून कशाचंच आश्चर्य मानीत नसत. अशा अडचणीत एक्सनं तीन नोकऱ्या केल्या: अक्षराची, गुणिल्याची आणि चुकलेल्या शब्दावर ओळीनं फुल्या मारून तो झाकण्याची. छोट्या आडव्या रेघेनंही संयोगचिन्ह, वजा आणि डॅश असे तीन संसार चालवले. आपल्याकडं गोदरेजनं १९५५ साली देशी बनावटीचा पहिला टाइपरायटर काढला आणि पुढं निम्म्या भारताची पोटापाण्याची पत्रं त्यावर खडखडली. त्या यंत्रांना मी नावं ठेवणार नाही. गरिबाच्या घरी एकच पातेलं असतं. त्यातच भात, त्यातच आमटी, त्यातच आंघोळीचं पाणी. पण पातेल्यांचं दुकान शेजारी उघडल्यावरही आमटीच्या पातेल्यातच आंघोळ करायची, याला काय म्हणावं?

कॉम्प्युटरनं हेच केलं. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांना आकडे देणारी आस्की ही पहिली मोठी यादी ठरली. तिनं टाइपरायटरची गरिबी जशीच्या तशी उचलली. संयोगचिन्ह आणि वजा या दोघांना मिळून एकच क्रमांक, पंचेचाळीस. गुणिल्याला तर जागाच नाही. पुढं युनिकोडनं सगळ्यांना घरं बांधून दिली. वजाला स्वतंत्र, गुणिल्याला स्वतंत्र, बरोबरच्या खुणेला आणि निरनिराळ्या जाडीच्या फुल्यांनाही स्वतंत्र. पण तोवर लोकांच्या बोटांना सवय लागून गेली होती. चित्र लहान-मोठं करायची दोन बटणं बघा. अधिकचं चिन्ह चांगलं भरदार आणि शेजारी वजा म्हणून बसवलेलं संयोगचिन्ह एवढंसं, खाली लोंबणारं; जेवायला बसलेल्या धडधाकट नवऱ्याशेजारी उपास असलेली बायको. वास्तविक ही दोन चिन्हं जुळी आहेत. १४८९ साली लाइपत्सिगमध्ये योहान विडमनच्या व्यापारी गणिताच्या पुस्तकात ती छापली गेली तेव्हापासूनची जोडी. खरं वजाचिन्ह अधिकच्या आडव्या दांडीइतकंच लांब असतं आणि तिच्याच पातळीवर बसतं.

"मामा, पण हे कुणाला दिसतं?" भाच्यानं विचारलं.

"तुला दिसत नाही, मला दिसतं. आणि यंत्राला तर माझ्याहून जास्त दिसतं," मी म्हणालो आणि त्याला 'दुःख' शोधायला सांगितलं. आपण मराठी माणसं विसर्ग सापडला नाही की बिनदिक्कत अपूर्णविराम, म्हणजे ती दोन इंग्रजी टिंबं, ठोकून देतो. डोळ्याला फरक वाटत नाही. पण यंत्राच्या लेखी विसर्ग हा अक्षराचा भाग आणि अपूर्णविराम म्हणजे वाटेतला थांबा. त्यामुळं दोन टिंबांनी लिहिलेलं दुःख विसर्गाचं दुःख शोधणाऱ्याला बऱ्याचदा सापडत नाही. दोघंही आपापल्या जागी दुःखात. तीच गत दंडाची. कीबोर्डावरची उभी रेघ निराळी आणि आपला दंड निराळा.

दंडावरून आठवलं. आमच्या आजोबांच्या हिशेबाच्या वह्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. त्यांत एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. एकावर दोन रेघा दिल्या की दीड. पुढं घरात टेपरेकॉर्डर आला तेव्हा त्याच्या एका बटणावर नेमक्या दोन उभ्या रेघा. आजोबा तेव्हा खूप थकले होते. ते बटण निरखून म्हणाले, "हे अर्ध्याचं बटण दिसतंय." आम्ही मुलं खो-खो हसलो. पण त्यांनी ते दाबलं आणि गाणं अर्ध्यावर थांबलं! आजोबांनी विजयी मुद्रेनं आमच्याकडं पाहिलं. खूण चुकीची वाचून अर्थ बरोबर लागल्याचं हे एकच उदाहरण माझ्या पाहण्यात आहे.

एरवी उलटंच होतं. बचत गटाच्या बायकांना भाच्यानं आपली वेबसाइट दाखवली. त्यात त्यांचा चित्रं काढतानाचा लहानसा सिनेमा होता आणि तो सुरू करायला आडवा त्रिकोण. आता वारली चित्रात दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की माणूस होतो, हे कलेच्या पुस्तकांतून साऱ्या जगाला ठाऊक झालेलं आहे. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती याच त्रिकोणांतून उभ्या केलेल्या जगासाठी. आमच्या एक बाई पडद्यावरचा तो एकटा त्रिकोण पाहून म्हणाल्या, "हा अर्धा माणूस का आडवा पाडलाय?" भाच्याला उत्तर सुचेना. त्यातून एका बाईंच्या जुन्या फोनवर किमतीच्या आधी रुपयाच्या चिन्हाऐवजी नुसता रिकामा चौकोन आला. रुपयाचं ते चिन्ह पवईच्या आय.आय.टी.त संशोधन केलेल्या उदय कुमार यांनी रेखाटलं आणि १५ जुलै २०१० रोजी सरकारनं स्वीकारलं, पण जुन्या फोनला ते कुणी सांगितलेलंच नव्हतं. नागलीचा पापड चौकोनी ऐंशी! म्हणजे बरोबर चिन्ह निवडूनही भागत नाही, ते समोरच्याच्या घरी आहे की नाही हेही बघावं लागतं. तिथं भाच्यानं सरळ 'रु.' लिहिलं. मला ते पटलं. मुद्रितशोधकालाही कधी कधी शहाणपण सुचतं.

मग फुलीचा जो इतिहास मला माहीत नव्हता तो भाच्यानं सांगितला. खिडकी बंद करायला फुली ही कल्पना फार जुनी नाही. १९८४ सालच्या मॅकिंतॉशवर बंद करायला रिकामा चौकोन होता. १९८५ साली आलेल्या अटारीच्या यंत्रांवर फुली दिसते, पण ती घरोघर पोचवली ती ऑगस्ट १९९५ मध्ये निघालेल्या विंडोज ९५ नं. म्हणजे जी फुली आता साऱ्या जगानं मुकाट्यानं मानावी अशी अपेक्षा आहे, ती माझ्या नोकरीपेक्षाही वयानं लहान. आणि साऱ्या जगाचंही तसं एकमत नाहीच. स्वीडन आणि फिनलंडमध्ये मास्तर चुकलेल्या उत्तरावर जी खूण करतात ती आपल्याकडची 'बरोबर'ची खूण. माझे विद्यार्थी तिकडं गेले तर एका दिवसात नापास. जपानमध्ये गोल म्हणजे बरोबर आणि फुली म्हणजे चूक. तिथल्याच सोनी कंपनीनं १९९४ साली प्लेस्टेशन नावाचा खेळ काढला, त्याच्या बटणांवर त्याच अर्थानं गोल आणि फुली दिली. पण अमेरिकेत आणि युरोपात पोचेपर्यंत फुली म्हणजे 'हो' झाली. पंचवीसेक वर्षं एकाच बटणाचा अर्थ समुद्राच्या अलीकडं 'नको' आणि पलीकडं 'हो' असा होता. अखेर २०२० च्या यंत्रापासून कंपनीनं जपानी लोकांनाही सांगितलं की यापुढं फुली म्हणजे 'हो'. ऐकून मला आमच्या आजी आठवल्या. फुली म्हणजे 'हो' असं समजणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. निम्मं जग त्यांच्या बाजूनं होतं.

हे ऐकल्यावर माझा सूर बराच खाली आला. मी एवढा वेळ फुलीचे हात सारखे आहेत की नाहीत ते बघत बसलो होतो. आजींच्या फोनवरची फुली मी आता नीट आठवून पाहिली. ती चांगली रेखीव, मधोमध बसवलेली, दोन्ही हात सारखे असलेली खरी फुली होती. तिच्यात मुद्रितशोधनाची एकही चूक नव्हती. तरी पाऊण तास पाण्यात गेला.

"मामा, आणखी एक," भाचा म्हणाला. "ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी फोन पडदा वाचून दाखवतो. तुमच्या शुद्ध गुणिल्यावर बोट ठेवलं तर तो काय म्हणेल?"

"काय म्हणेल?"

"एक तर 'गुणिले' किंवा तसलंच काहीतरी पुटपुटेल, नाहीतर गप्प बसेल. दोन्हीमध्ये बंद कसं करायचं ते कळणार नाही. म्हणून त्या बटणाला आतून नाव द्यावं लागतं, 'बंद करा'. ते नाव पडद्यावर दिसत नाही, फक्त ऐकू येतं."

मी म्हणालो, "जे आंधळ्याला सांगतोस ते डोळसाला सांगायला काय हरकत आहे?"

भाचा गप्प झाला. मग त्यानं लॅपटॉप जवळ ओढला आणि आम्ही रात्री अकरापर्यंत एकेक बटण घेऊन बसलो. एक्स जाऊन खरी फुली आली आणि तिच्याशेजारी 'बंद करा' हा शब्द. संयोगचिन्ह जाऊन खरं वजा आलं, शेजारी 'लहान करा'. त्रिकोणाशेजारी 'सुरू करा', दोन रेघांशेजारी 'थांबवा'. अक्षरंही चांगली निवडली. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची देवनागरी वाचण्याजोगी व्हावी म्हणून प्रा. र. कृ. जोशी यांच्यासारख्या कवी-सुलेखनकारानं आयुष्याची बरीच वर्षं वेचली. निदान ती चिणून, दाबून बसवायची नाहीत एवढी लाज आपण बाळगावी. मागणीचा अर्ज अर्धवट भरला असताना कुणी फुलीला हात लावलाच, तर पडद्यावर प्रश्न यावा: 'भरलेलं सगळं जाईल. बंद करायचं का?' हे वाक्य मी सांगितलं. माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी लिहिलेलं सर्वांत उपयोगी वाक्य हेच असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा घ्यायला आजींना बोलावलं. त्या जरा बिचकतच ओट्यावर आल्या आणि उजव्या कोपऱ्यात बसल्या. मी या वेळी वर्तमानपत्र घरात ठेवलं होतं. आजींनी चित्र उघडलं, मोठं केलं, लहान केलं. मग कोपऱ्यात बघून एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचलं, "बंद... करा." बोट टेकवलं. चित्र बंद झालं. मागणीचा अर्जही त्यांनी पापडाची दोन पाकिटं मागवून भरून दाखवला. मध्ये मुद्दाम फुलीवर बोट ठेवलं, प्रश्न वाचला, 'नको' दाबलं आणि माझ्याकडं पाहून हसल्या. दोन वर्षांपूर्वीच्या एस.टी.तलं ते ओझं माझ्या अंगावरून तेव्हा उतरलं.

मला राहवेना. मी त्यांना विचारलं, "आजी, ही फुली कशी वाटली? आधी इथं एक्स होता. तुम्हाला सांगतो, या फुलीला जवळजवळ चारशे वर्षांचा इतिहास आहे. इंग्लंडातल्या एका पाद्रीबुवांनी..."

आजींनी माझं सगळं ऐकून घेतलं. विद्यार्थिनी पहिल्यापासून गुणी. मग पुन्हा पडद्याकडं नीट बघून म्हणाल्या, "ते सगळं खरं गुरुजी. पण शेजारी शब्द लिहिलाय ना? मग ही फुली ठेवली कशाला?"

भाचा दाराआड जाऊन हसत होता. "मामा," तो आतून म्हणाला, "आजींनी तुमच्या सबंध इतिहासावरच फुली मारली."

"मारू दे," मी म्हणालो. "या वेळी तिचा अर्थ आम्हा दोघांनाही ठाऊक आहे."